करारातली पायली

मी जात्याच संशयी आहे. दुकानदाराने पुडी बांधली की मी ती सोडून पाहतो. कुणी विनाकारण चहा पाजला तर पिऊन झाल्यावरही याने तो का पाजला असेल, याचा विचार करत बसतो. घरचे हसतात. म्हणतात, तुम्ही ताकच काय, पाणीही फुंकून पिता. हसू द्या बापडे. पण या स्वभावापायी एकदा पाच म्हाताऱ्यांच्या तोंडचा महिनाभराचा घास गेला, आणि ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तावन्न साली मी कळंबहून महागावच्या बाजूला एका गावात मास्तर म्हणून गेलो. गाव मोठं होतं, तीनशे उंबऱ्यांचं, काळ्या जमिनीचं आणि कापसाचं. गावापासून कोसभर वर टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा होता. चाळीसेक घरं असतील. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. आता ही माणसं मुरमाड जमिनीत ज्वारी आणि तूर पिकवायची. गावाचा कापूस महागावच्या बाजारात न्यायला दोन वाटा होत्या. एक नदीकाठाने, लांबच्या वळशाची. दुसरी तांड्याच्या जमिनीतून, खिंड चढून जाणारी. खिंडीने गेलं की अर्धा दिवस वाचे. मात्र भरली गाडी चढावर एका जोडीला ओढत नसे, तेव्हा तांड्यातली आणखी एक बैलजोडी पुढे जुंपावी लागे.

या वाटेबद्दल आणि बैलांबद्दल गावाने तांड्याला दर पौषात साठ पायली ज्वारी द्यायची, असा जुना करार होता. लिहिलेला कुठेच नव्हता. ती ज्वारी तांडा वाटून खात नसे. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या घरी एका कणगीत ती वेगळी राही. पावसाळा लागला की ज्या घरात कमावणारं कुणी उरलं नाही, त्या घरांना ती जाई. माझ्या वेळी अशी पाच घरं होती आणि पाचही घरांत एकेक म्हातारी विधवा. आषाढापासून अश्विनापर्यंतचे चार महिने त्यांची चूल त्या ज्वारीवर चाले. दिवाळीच्या सुमारास नवी ज्वारी आली की त्या कुणाच्याही शेतात खुडायला जाऊन पोटापुरतं मिळवत.

करार पुरा करायची जागा म्हणजे शिवेवरचं मोहाचं झाड. गावातली माणसं झाडाच्या अलीकडे बसत, तांड्यातली पलीकडे. कुणी ओलांडून जात नसे. दोघं आपापलं पाणी आणत आणि दुसऱ्याच्या मडक्याला हात लावत नसत. माप गावचं असे, पाटलाच्या घरी वर्षभर कुलपात ठेवलेली एक लाकडी पायली. मापणारा हात मात्र तांड्याचा असे, आणि तो नायकणीचा होता. नायकाची ही बायको तेव्हा साठीची असेल. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, काचेच्या टिकल्यांची काचोळी, आणि चेहरा असा की शाळा तपासायला आलेला साहेबही तिच्यापुढे नरम वाटावा. ती पहिली पायली ओतताना ‘लाभ’ म्हणायची, मग दोन, तीन. दर पायलीला गावाकडून एक खडा पडे आणि तांड्याकडून एक. मध्येच थांबून दोन्ही ढीग मोजून पाहिले जात.

त्याआधी भांडण ठरलेलं. आमचा पाटील हडकुळा, तुसडा माणूस होता. बोलताना तपकिरीची डबी चाळवत राहायचा.

“औंदा गाड्या कमी गेल्या. पन्नास पायली देतो,” असं तो सुरू करी.

“आमचे दोन बैल मेले तुमच्या गाड्या ओढू ओढू,” नायकण म्हणे. “सत्तर पायजे.”

नायक तिच्या शेजारी पागोटं सावरत गप्प बसे. दोन तास एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार झाला की गाडी साठावर येऊन थांबे. त्याच सुमारास पेपरात दोन देशांमधला नद्यांचा करार गाजत होता. मोठा देश धाकट्याला कालव्यांसाठी रक्कम देणार होता आणि दोन्हीकडचे लोक आपणच नागवले गेलो म्हणून ओरडत होते. पेपर आमच्याकडे दोन दिवस शिळा येई. तो वाचताना मला वाटे, हे सगळं आपण मोहाखाली पाहिलेलं आहे. फक्त त्या साहेबांना टेबल-खुर्च्या आहेत.

साठ सालानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गाव आणि तांडा मिळून एकच ग्रामपंचायत होणार आणि तिची निवडणूक होणार असं कळलं. दुसरी म्हणजे शेर-पायली जाऊन किलो येणार अशी दवंडी पिटली गेली. शाळेला पितळेची नवी वजनं आणि तराजू आले होते. गावातल्या शेतकऱ्यांनी ठरवलं की आता हा करार किलोत लिहून काढायचा, कागदावर, अंगठ्यानिशी. लिहिणारा मी. कारण मी दोघांचाही नव्हतो. म्हणजे खरं सांगायचं तर दोघंही मला दुसऱ्याचा माणूस समजत होते.

मी तांड्यावर किलो समजावून सांगायला गेलो. मध्ये वजनं मांडली, शेर आणि किलोचा हिशेब सांगितला. सगळे ऐकत होते, पण वजनांकडे अशा नजरेने पाहत होते की जणू मी पेटाऱ्यातून साप काढून ठेवला आहे.

“नवा पैसा आला तवाबी असंच कोनीतरी सांगाले आलतं,” नायकण म्हणाली. “आन्याचे सवासहा पैसे होतात म्हने. दुकानदार सहाच देते. पावपैसा कुठं गेला, मास्तर?”

“पावपैशाचं नाणंच नाही, तर तो देणार कसा?”

“तेच म्हनतो म्या. नवीन काही आलं का गरिबाचा पाव जाते. आमाले पायलीच बरी.”

हे अडाणीपण आहे असं मी मनात धरलं. ते पावपैशाचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, पण मास्तराला ते कुठून पटणार? दुसऱ्या दिवशी पाटलाकडे गेलो, तर तोही तेच म्हणाला.

“किलो शहरात चालू द्या. शिवेवर पायलीच राहू द्या मास्तर. जुनं आहे, चालून राह्यलं. कायले उकरता?”

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मोठ्या गावचा पाटील, वजन करायला का भितो? पायली कुलपात का ठेवतो? वर्षातून एकदाच बाहेर काढतो, एरवी दुसऱ्याच्या हातात जाऊ देत नाही, मापून झालं की लगेच उचलून नेतो. कुठंतरी पाणी मुरत होतं. आत जाड बूड घालून लहान केलेली मापं मी बाजारात पाहिली होती. वर्षानुवर्षं हा माणूस त्या पाच म्हाताऱ्यांच्या ज्वारीतून मूठ मूठ मारतो आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मला संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. चोर पकडण्याची संधी संशयी माणसाला रोज येत नाही.

पौषात मोहाखाली दोन्ही बाजू बसल्या तेव्हा मी उभा राहून म्हणालो, की कागद लिहायचा तर आधी करारातली पायली तोलून पाहू. शेजारी बाजारातली पायली ठेवू, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही. गावातले शेतकरी खूश झाले. त्यांना वाटत होतं, नायकण मापताना काठावरची शीग जास्त चढवते. तांड्यातले तरुण खूश झाले. त्यांना माझ्यासारखाच पाटलाचा संशय होता. नायकानेही मान हलवली. दोघांनीच नको म्हटलं, पाटलाने आणि नायकणीने.

“उन्हं उतरतीन,” पाटील म्हणाला. “मापा अन् मोकळे व्हा.”

“हाव, मापू द्या,” नायकण म्हणाली.

त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण चोर पकडायच्या घाईत मला त्यात काही दिसलं नाही.

बाजारातली पायली किराणा दुकानातून मागून आणली होती. तिच्यातली ज्वारी तीन किलो आणि वर थोडी भरली. मग करारातली पायली भरली, शीग हाताने सपाट केली आणि पारड्यात ओतली. तीन किलो ठेवले, पारडं हललं नाही. चौथा ठेवला तेव्हा काटा मधोमध आला.

मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा भरलं, पुन्हा तोललं. चार किलो. माप लहान नव्हतं. ते बाजारच्या मापापेक्षा चांगलं मोठं होतं.

इथे मी गप्प बसू शकलो असतो. अजूनही वाटतं की ‘बरोबर आहे, लिहून टाकू’ एवढं पुटपुटून कागद पुढे ओढला असता तरी चाललं असतं. काटा फक्त मला दिसत होता. पण मला चोर हवा होता, आणि चोर नाही तर निदान गडबड तरी सापडली होती. मी मोठ्याने सांगितलं, वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तसं, की या पायलीत दर वेळी जवळजवळ एक किलो ज्वारी जास्त जाते.

गावाकडचा एक शेतकरी बोटं मोजू लागला. दर घरामागची ज्वारी पाटलाकडे जमा होई, बाजारच्या पायलीने, बरोब्बर साठ.

“आमी तं साठच देल्ली,” तो म्हणाला. “मंग वरची कोनाची?”

पाटील डबीचं झाकण लावत होता. वरची ज्वारी त्याच्या घरच्या पेवातून येत होती, हे सगळ्यांना एकदमच उमगलं. पेव म्हणजे त्याच्या अंगणातला जमिनीखालचा धान्याचा खड्डा. आदल्या दिवशी तो खड्डा उघडायचा आणि रातोरात पोती शिवेवर यायची, एवढं तर सगळ्यांनीच पाहिलेलं होतं.

“घरची घातली? काहून?”

“माप जुनं आहे. सुतारानं जसं केलं तसं आहे,” पाटील म्हणाला. त्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही, अशा आवाजात.

“सुतार गेला खड्ड्यात,” दुसरा ओरडला. “निवडनूक आहे न चैतात! तांड्याची मतं इकत घेऊन राह्यला पाटील. आमाले काय लेकरं समजते का?”

वास्तविक निवडणुकीची बातमी त्या वर्षीची आणि पायली कितीतरी जुनी. पण जमलेल्या संशयापुढे एवढा साधा हिशेब कोण करतो? मीही केला नाही. उलट माझ्या मनात आलं, अच्छा, असं आहे होय!

पलीकडे त्याहून वाईट झालं. तांड्यातला एक तरुण नायकासमोर येऊन उभा राहिला आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत, पण त्यात ‘मतं’ होतं. नायकाचा चेहरा काळवंडला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याच्याकडे पाहूनच कळत होतं. तो बायकोकडे वळला. नायकण त्याची नजर चुकवून ज्वारीच्या ढिगाकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत हजारो पायल्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. माप मोठं आहे हे तिच्या हाताला कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

नायक उठला. तो सभेत बोललेला मी तेवढाच ऐकला.

“तांडा भीक नाही खात, अन् मतबी नाही इकत,” तो म्हणाला. “बजारच्या पायलीनं साठाचे जितके होतात तितके लिव्हा. वरचा दाना नको.”

नायकण त्याच्याशी झरझर काही बोलली. त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तांड्यापुढे तो विकला गेलेला नायक ठरला असता. मी लिहिलं: दरसाल ज्वारी एकशे नव्वद किलो. पाटलाने सही केली, नायकाने अंगठा दिला. दोन्ही बाजूंचे लोक समाधानाने उठले. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला फसवलं जात होतं ते आज थांबलं.

नायकण तेवढी माझ्याजवळ आली. कागदाकडे बोट करून म्हणाली, “मास्तर, याच्यात अश्विन कुठं लिव्हला?”

मला कळलं नाही. गावात परतल्यावर मी शाळेच्या फळ्यावर मांडून पाहिलं. जुन्या पायलीने साठ म्हणजे दोनशे चाळीस किलो. पाच घरं, चार महिने, एका म्हातारीला महिन्याला बारा किलो. एकशे नव्वदात ते चौथ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापुढे जात नव्हतं. अश्विन जवळजवळ सगळा उघडा पडत होता. ज्याने कुणी ती पायली करवून घेतली, त्याने सुताराला माप देण्याआधी हाच हिशेब केला होता.

पाटील निवडणुकीला उभाच राहिला नाही. लोक म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. मी एकदा धीर करून त्याला विचारलं, की पायली मोठी का केली होती? त्याने तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाला, तरुणपणी एकदा पुराने गावाला वेढा घातला आणि तो टेकडीवर अडकला. आठ दिवस तांड्यावर राहिला.

“त्याईनं खाऊ घातलं तवा मोजलं नोतं,” एवढं बोलून तो गोठ्यात गेला.

ही गोष्ट खरी असावी. पण मताचा विचारही त्याच्या मनात कधीच आला नसेल का, अशी शंका मला आजही येते. माझा इलाज नाही.

त्या उन्हाळ्यात पाटलाने दोन पोती तांड्यावर पाठवली. नायकाने ती शिवेवरूनच परत केली. पावसाळा गेला. मी दर शनिवारी सायकल ढकलत खिंड चढून महागावला जायचो. भादव्याच्या शेवटी पाहिलं, त्या पाचातली एक म्हातारी रस्त्याकडेचा तरोटा खुडत होती. तरोट्याची भाजी पावसाच्या सुरुवातीला कोवळी असते तेव्हा सगळेच खातात. भादव्यात तो इतका निबर होतो की गुरंही तोंड लावत नाहीत. मी सायकल थांबवली. काय करता म्हणून विचारायचं धाडस झालं नाही. नायकण आपल्या घरातून पाचही ठिकाणी थोडं थोडं देते असं कानावर होतं, पण तिचीही कणगी काही डोंगराएवढी नव्हती.

पगार झाल्यावर मी अर्धं पोतं ज्वारी घेतली, सायकलच्या मागे बांधली आणि तांड्यावर गेलो. मनातून मला बरंच हलकं वाटत होतं. मी मतं मागणारा नव्हतो, गावचा नव्हतो, कुणाचाच नव्हतो. माझ्याकडून घ्यायला काय हरकत असणार?

नायकण दारात बसून गोधडी शिवत होती. नायक घरी नव्हता. मी पोतं उतरवलं.

“हे कायचं?”

“ज्वारी. म्हाताऱ्यांसाठी आणली.”

“कोन्या करारातली?”

“करारातली नाही. असंच.”

समोरच्या घरातली एक म्हातारी आवाज ऐकून बाहेर आली होती. तिच्या हातात परात होती. पोतं पाहूनच तिने ती उचलून आणली असावी. नायकणीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. म्हातारी परात पदराखाली घेऊन आत गेली.

“असंच देनारा एक होता, मास्तर,” नायकण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी त्याले भर सभेत उघडा पाडला. आज तुमच्या हातचं घेतलं तं उद्या लोक इचारतीन, या मास्तराले तांड्यात काय पायजे? काहून येते हा पोतं घेऊन? मंग म्या काय सांगू? सांगा, काय सांगू?”

तिच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि मला कोणतंच उत्तर पटलं नसतं. ती पुन्हा सुईत दोरा ओवू लागली. मग मी पोतं सायकलला बांधलं आणि खिंड उतरून गावात आलो.

ती ज्वारी मी थोडी थोडी दळून आणली. पौषापर्यंत मला पुरली.